शेवंताआक्कांची भिंत

जे घर पुराच्या पाण्यात सहा दिवस उभे राहिले, ते पाणी ओसरल्यावर धोकादायक कसे ठरले? या लेखात मला एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. प्रश्न बांधकामाचा वाटतो. मीही बराच काळ तसेच समजत होते. पण उत्तर सांगायचे तर आधी शेवंताआक्का सांगाव्या लागतील, आणि मग ज्या कागदावर त्यांचे घर धोकादायक ठरले तो कागद सांगावा लागेल. त्या कागदावरचे अक्षर माझे आहे.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठी असलेल्या एका गावात माझी अकरा वर्षे नोकरी झाली. चौथीच्या मुलांना मी दरवर्षी गावाचा नकाशा काढायला लावीत असे. चढावर देऊळ, चावडी आणि ऊसवाल्यांची घरे. उतारावर इतर. आणि अगदी तळाशी, नदीच्या अंगाला, खालची वस्ती. कोणी चढावर राहायचे आणि कोणी तळाला, हे नदीने ठरवलेले नव्हते, जातीने ठरवलेले होते. मुले नकाशा सुबक काढीत. पाणी आधी कुठे शिरेल, हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नाही.

शेवंताआक्का खालच्या वस्तीत राहत. ठेंगणा, काटक बांधा, साठीच्या पुढचे वय, आणि पदर नेहमी कमरेला घट्ट खोचलेला. सासरा गवंडी होता. नवरा बांधकामाच्या पहाडावरून, म्हणजे परांचीवरून, पडून कायमचा बसला, तेव्हा आक्कांनी थापी आणि ओळंबा हाती घेतला, तो शेवटपर्यंत. दगड, चुना आणि माती या तिन्हींत त्यांच्या तोडीचे माणूस मी पाहिले नाही. तरीही कामावर त्यांची नोंद ‘बिगारी, स्त्री’ अशीच होत असे. गवंडी हा शब्द त्यांना गावात कोणी लावला नाही. भिंत उभी करायची आक्कांनी आणि मिस्त्री म्हणून सत्काराचा नारळ घ्यायचा दुसऱ्याच कोणीतरी, हे मी डोळ्यांनी दोनदा पाहिले आहे.

त्यांची माती पारखण्याची रीत मुलांना दाखवावी म्हणून मी त्यांना एकदा वर्गात बोलावले. नव्या मातीची चिमूट त्या तोंडात टाकत आणि पुढच्या दातांखाली दाबत. कचकच वाजली तर रेती जास्त. दाताला चिकटून बसली तर चिकण जास्त. मग थुंकून निकाल देत. पहिल्या बाकावरच्या मुलीने तोंड वेडेवाकडे केले.

“काय गं, तोंड का वाकडं करतीस? पाटीवरची पेन्शिल खातीस तवा ग्वाड लागती व्हय?”

सगळा वर्ग हसला. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी दोन ढेकळे पुढे ठेवली, एक शेतातले, एक गावठाणातले.

“ही काळी. हिच्यात जुंधळा पेरायचा. भिंतीला लावायची न्हाई. पाणी प्याली की फुगती, वाळली की फुटती. आसलं पिणारं भिंतीच्या उपेगाचं न्हाई. ही पांढरी. हिच्यात गव्हाचं काड घालायचं, आठ दिस कुजवायची, मग तुडवायची. का तुडवायची? सांग की रं कुणीतरी. बाईंनी काय निस्तं पाढंच शिकीवल्यात?”

“का?” हा त्यांचा आवडता शब्द होता. मात्र त्या मातीच्या भक्त नव्हत्या. आजकाल मातीच्या घरांविषयी डोळे मिटून बोलणारी माणसे भेटतात. आक्कांना ती अजिबात खपत नसत. “माती म्हंजी काय देव हाय का? जिथं पाणी लागतंय तिथं दगड. दगडाला धरून ठेवाया चुना. वर, जिथं पाणी पोचत न्हाई, तिथं माती. हितं काय घावतंय आन हितं काय येतंय, ते बघून बांधावं.” माझ्या वहीत हे वाक्य मी तारखेशिवाय उतरवून ठेवले आहे.

चुन्यासाठी त्या कळीचा चुना आणून खड्ड्यात विरवत, महिनाभर पाण्याखाली ठेवत आणि कालवताना त्यात हिरड्याचे आणि गुळाचे पाणी घालत. त्यामुळे चुना हळूहळू पण घट्ट धरतो. हिरडा महाबळेश्वरकडून येई. गूळ सांगलीच्या पेठेतला, पाघळून काळा पडलेला, खायला न चालणारा. एकदा अशाच काळ्या गुळाची पिशवी घेऊन त्या बसस्थानकावर उभ्या असताना एका हवालदाराने त्यांना हटकले.

“ए, काय हाय पिशवीत?”

“गूळ.”

“काळा गूळ? हातभट्टी कुठं लावलीस?”

“भट्टी न्हाई, सायेब. भिंतीला पाजायचा हाय.”

“मला येड्यात काढतीस व्हय?”

सकाळी अकरापासून त्यांना चौकीत उभे केले. दुपारी वस्तीतल्या कोणीतरी मला निरोप दिला. मी गेले आणि एकच वाक्य बोलले, “मी शिक्षिका आहे, यांना ओळखते, या गवंडी आहेत.” हवालदार उठून उभा राहिला. “आधी सांगायचं की हो, बाई,” म्हणाला आणि त्याने खुर्ची सरकवली, माझ्यासाठी. पाच तास उभ्या असलेल्या बाईसाठी नव्हे. परत येताना बसमध्ये आक्कांनी गुळाची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, “तुमचं एक वाक्य आन माजी आख्खी दुपार. बघा बाई, कसल्या वजनाची हाय तुमची जीभ. जपून वापरा.”

मी ती जपून वापरली नाही. पण त्याआधी महाबळेश्वरची हकिकत सांगते, कारण तिच्याशिवाय पुढच्या गोष्टीतला संताप समजणार नाही.

पुण्याच्या एका मालकाने महाबळेश्वरच्या बाजूला पाहुण्यांसाठी मातीच्या खोल्या बांधायला घेतल्या होत्या. आक्का तिथे चार महिने राबल्या. तिथला पाऊस पाहून त्यांनी सुरुवातीलाच सांगितले होते, “हितं जांभ्या चिऱ्याचं घर शोभंल. मातीचा हट्ट कशापाय?” हट्ट मोडेना, तेव्हा त्यांनी छपराची पागोळी भिंतीपासून हात-दीड हात लांब पडेल इतके छप्पर बाहेर काढायला लावले. त्या परत गेल्यावर मालकाने, छायाचित्रात भिंत नीट दिसावी म्हणून, छप्पर आखूड करून घेतले. पहिल्याच पावसाळ्यात भिंती पायथ्याशी ढासळू लागल्या. दिवाळीच्या सुट्टीत आक्कांना बोलावणे आले आणि मी सोबत गेले.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला आत सोडले आणि आक्कांना मागच्या दाराने यायला सांगितले. खोलीबाहेर एक देखणी पाटी होती. आक्कांना वाचता येत नसे.

“काय ल्हिवलंय, बाई?”

मी वाचून दाखवले. भूमीच्या प्राचीन ज्ञानाने ही भिंत घडली आहे, असे काहीसे होते. खाली वास्तुरचनाकाराचे नाव.

“माजं नाव हाय का?”

“नाही.”

“मग भिंतीचं दुखणं त्या नाववाल्याला इचारा की. मला कशाला बोलीवलं?”

मालक आला. छप्पर पुन्हा लांब केल्यावाचून थापी हातात धरणार नाही, असे आक्कांनी त्याला सांगितले. तो समजावू लागला, “मावशी, तसं केलं की सगळा लुक जातो.”

“मग पाऊस आला की भिंत पुसाया लुकालाच बशिवा.”

त्या जांभळीच्या झाडाखाली जाऊन बसल्या आणि छपराचा सुतार येईपर्यंत उठल्या नाहीत. तेवढ्या वेळात दोन पाहुणे येऊन गेले. भिंतीवरून हात फिरवत एकीने दुसरीला म्हटले, किती थंड आहे, किती खरे आहे सगळे. त्या एका रात्रीसाठी ते काय मोजत होते, ते मी लिहीत नाही. इतकेच लक्षात ठेवा की तीच माती, तेच काड आणि तेच पाय. तिथे त्या भिंतीला पाटी लावली होती. आमच्या गावात तशाच भिंतीला लाल पट्टा मिळाला.

आता पूर. खालच्या वस्तीतल्या नऊ घरांचे पायथे आक्कांनी बऱ्याच वर्षांत, एकेक करून, बदलून घेतले होते. त्यांची रीत अशी: प्रत्येक पुराच्या पाण्याची खूण भिंतीवर छिन्नीने कोरायची, सर्वांत वरच्या खुणेच्या हातभर वर जाईपर्यंत दगड, चुन्यात बांधलेला, त्याच्यावर माती. शेजारणी कुरकुरत, कारण दगड वाहायचा त्यांनीच होता. आक्का त्यांना शिव्या घालून कामाला लावत.

त्या वर्षी पाणी आले आणि सहा दिवस राहिले. माणसे शाळेत होती, माझ्याच वर्गात. पाणी उतरल्यावर आम्ही सगळे खाली गेलो. दगडाच्या भागावर गाळाची रेघ होती आणि ती मातीच्या खाली चार बोटे थांबली होती. नऊच्या नऊ घरे उभी होती. वरच्या अंगाला नव्या सभागृहाची सिमेंटची कुंपणभिंत मात्र आडवी झाली होती. आक्कांनी छिन्नी मागवली, नवी खूण कोरली आणि म्हणाल्या, “आता आजून हातभर चढवाय पायजे.”

दोन आठवड्यांनी घरांच्या पाहणीचे काम आले. असे काम शिक्षकांना नेहमीच दिले जाते, आणि मी ते नेहमीच चोख करीत असे. तक्त्यात एक रकाना होता: ‘भिंतीचे मुख्य साहित्य’. प्रशिक्षणात सांगितले होते, एकच साहित्य लिहा. ज्याचा भाग जास्त, ते लिहा. मी टेप धरली. दगड छातीपर्यंत, माती त्याच्यावर आढ्यापर्यंत. मातीचा भाग जास्त होता.

“बाई, खालचा दगड बी ल्हिवा,” आक्का म्हणाल्या.

“एकच लिहायचं आहे, आक्का. नियम आहे.”

“मग दगडच ल्हिवा. पाण्यात त्यो उभा व्हता.”

मी त्यांना नियम समजावून सांगितला. वर्गात समजावते तसा, सावकाश, उदाहरण देऊन. नऊ ओळींत नऊ वेळा मी ‘माती’ लिहिले. तक्त्याच्या शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना होता, चार शब्द मावतील एवढा. ‘पायथा दगड-चुना, पुरात अभंग.’ एवढे चार शब्द तिथे मावले असते. पण कागद स्वच्छ ठेवावा अशी सूचना होती, आणि स्वच्छ कागदाची मला आयुष्यभर आवड. नऊ वेळा मी तिथे आडवी रेघ मारली.

पुढचे सगळे त्या रेघेमागून आले. ज्यांच्या भिंतीपुढे ‘माती’ होते, ती घरे कच्ची. पूररेषेतली कच्ची घरे धोकादायक. धोकादायक घरे पाडायची आणि माणसे गायरानात, पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत हलवायची. पाडायच्या घरांवर लाल पट्टा मारायला आलेल्या माणसांनी एकाही घराच्या आत पाऊल टाकले नाही. त्यांना गरज नव्हती. त्यांच्या हातात यादी होती.

आक्का तालुक्याच्या कचेरीत निघाल्या, मला घेऊन. पिशवीत त्यांनी पायथ्याच्या दगडांमधल्या सांध्यातून काढलेला चुन्याचा मूठभर तुकडा आणला होता. तरुण अभियंत्याच्या टेबलावर पाण्याचा पेला होता. आक्कांनी तुकडा त्यात टाकला आणि खाली बसल्या.

“काय करताय, मावशी?”

“इरघळतोय का बघा.”

“मावशी, टेबल ओलं होतंय.”

“सहा दिस माजं घर वलं व्हतं. तुमचं टेबल घटकाभर व्हऊ द्या.”

तासाभराने पेल्यातले पाणी नितळ होते आणि तुकडा जसाच्या तसा. मुलगा वाईट नव्हता. त्याने तुकडा बोटांनी दाबून पाहिला, नखाने ओरबाडला. मग फाइल उघडली आणि आक्कांपुढे केली. “मला पटतंय हो. पण हे बघा, इथं दगडाचा, चुन्याचा उल्लेखच नाही. शेरा कोरा आहे. तुमच्याच गावच्या बाईंनी भरलंय.”

आक्कांना वाचता येत नव्हते, पण माझे अक्षर त्या ओळखत. शाळेच्या फळ्यावर ते रोज असे. त्यांनी कागदाकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही. मी त्याच टेबलावर दुरुस्तीचा अर्ज लिहिला. तो घेतला गेला, त्यावर शिक्का बसला, आणि पुढच्या महिन्यात उत्तर आले की दुरुस्तीची मुदत संपली आहे. परतीच्या बसमध्ये आक्का एवढेच म्हणाल्या, “बाई, तुमचं अक्षर लय ग्वाड हाय.”

मला आजवर कोणी दिलेली ही सर्वांत मोठी शिवी आहे.

ज्या दिवशी जेसीबी आला, त्या दिवशी आक्का घरासाठी भांडल्या नाहीत. भांडल्या मातीसाठी. पाडलेली माती ट्रकात भरून, रस्त्याकडेच्या कोणाच्या तरी प्लॉटवर भराव म्हणून जाणार होती. आक्का ट्रकाच्या मागच्या फळीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“आक्का, बाजूला व्हा की वो,” चालक म्हणाला. शेजारच्या गावचाच होता. “माज्या पोटाव पाय का देताय?”

“घर तुमच्या कागदात धोक्याचं, म्हनून पाडलंसा. माती कुठल्या कागदात धोक्याची हाय? दाव मला.”

“मातीला काय करायचंय आता?”

“आरं गड्या, सिमेटाचं घर पडलं की कचरा व्हतो. ह्याची माती भिजीव, पुन्ना भिंत. माज्या सासऱ्यानं तुडिवलीय ही. तुज्या मालकाच्या प्लॉटात जायाची न्हाई.”

चालकाने इंजिन बंद केले आणि विडी पेटवली. त्याला कोणाचा तरी फोन आला. त्याने तो उचलला नाही. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस वस्तीतल्या बायांनी घमेल्यांनी माती गायरानात वाहून नेली. शाळा सुटल्यावर मीही वाहिली. याची नोंद कुठल्याही तक्त्यात नाही. जिथे वस्ती होती, तिथे आता नदीकडे तोंड केलेली बाकडी आहेत आणि संध्याकाळी चढावरचे लोक तिथे हवा खायला येतात.

गायरानातल्या खोल्या म्हणजे चार बाजूंना पत्रा आणि वर पत्रा. तात्पुरत्या म्हणून दिलेल्या त्या खोल्यांत तिसरा उन्हाळा आला. दुपारी आत थांबता येत नसे, म्हणून बाया मुलांना घेऊन बाभळीच्या सावलीत बसत. आक्कांचा नवरा उठू शकत नव्हता. तो आतच असे. दुपारच्या उन्हाची धग अडावी म्हणून आक्कांनी पश्चिमेच्या पत्र्याला आतून लागून भिंत घालायला घेतली. पायथ्याला चार थर दगड, त्यावर त्यांची जुनी माती.

एक कर्मचारी तपासणीला आला, तेव्हा मीही तिथे होते. “मावशी, इथं पक्कं बांधकाम करायला परवानगी नाही.”

“पक्कं कुठं करतोय, सायेब? मातीचं हाय. माती म्हंजी कच्चं, आसं तुमच्याच कागदात हाय. ह्या बाईंनी ल्हिवलंय. इचारा.”

त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “होय. मीच लिहिलं आहे.” तो वहीत काहीही न लिहिता निघून गेला.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्याच वैशाखात. माझी बदली खटाव तालुक्यात झाली होती आणि मी निरोप घ्यायला गेले होते. भिंत खांद्यापर्यंत आली होती. आक्का नडगीभर चिखलात उभ्या राहून दोघी शेजारणींवर ओरडत होत्या, “पाय हालवा गं, लग्नात नाचायला न्हाई आलासा!” मी कडेला उभी राहून, बरेच दिवस मनात जुळवलेले वाक्य बोलू लागले. पहिल्या चार शब्दांतच त्यांनी हात वर केला.

“भिंतीला माफी लागत न्हाई, बाई. पाय लागत्यात. चप्पल काढा.”

मी उतरले. तासभर तुडवले. आक्का मधेच वाकून माझ्या पायाखालचा चिखल चिमटीत घेत, दाबून पाहत आणि परत टाकून देत. निघताना त्यांचा अभिप्राय आला, “तुमच्या पायाला जोर न्हाई. पर ऱ्हाऊ द्या.” मी वळून पाहिले तेव्हा मी तुडवलेला भाग त्या स्वतः पुन्हा तुडवीत होत्या.

पावसाळ्याच्या तोंडावर त्या गेल्या. कशाने गेल्या हे मला सिद्ध करता येत नाही, म्हणून लिहीत नाही. भिंत तोवर पुरी झाली होती. त्यांचा नवरा अजून तिच्या गारव्याला पाठ लावून झोपतो.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते असे: ते घर धोकादायक नव्हते. ते धोकादायक ठरवायला एक नेटक्या अक्षराचे माणूस, एक आखीव रकाना आणि तळाला राहणाऱ्यांचे म्हणणे ऐकूनही ते न लिहिण्याची सवय, एवढे पुरले. मी तापमापी घेऊन आक्कांच्या पत्र्याच्या खोलीतली मोजमापेही केली आहेत. ती इथे देत नाही. माझ्या नेटक्या नोंदींवर एकदा नऊ घरे पडली आहेत. पुन्हा कोणी त्यांवर विसंबावे असे मला वाटत नाही. गावाचे नावही देत नाही, कारण अशी पत्र्याची रांग तुमच्या तालुक्यातही असेल.

तेव्हा एवढेच करा. वैशाखात, दुपारी दोनच्या सुमाराला, तिथे जा. घरात कोणी असेल त्याची परवानगी घ्या आणि आत जाऊन पत्र्यावर हात ठेवा. मग जवळपास जुनी मातीची भिंत उरली असेल तर तिच्यावर ठेवा. त्या घरात राहणाऱ्या बाईला विचारा, आणि ती जे सांगेल ते सगळे ऐकून घ्या. माझे म्हणणे चुकीचे असेल, तर तुम्हाला तिथेच कळेल. कृपया स्वतः तपासून पाहा.